रक्त पाठवायचं की माणूस?

भाचीची दाढ काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही उशीवर रक्त होतं. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पाळी नऊ-दहा दिवस चालायची, पण "आईचंही असंच होतं, माझंही तसंच" म्हणत ताईनं ते कधी मनावर घेतलं नव्हतं. आता कळतं, आजाराचा पहिला पुरावा त्या वाक्यातच होता. त्यानंतर सोलापुरात आणि सोलापूरबाहेर बऱ्याच तपासण्या झाल्या. रक्त लवकर न थांबण्याचा आनुवंशिक आजार आहे का, हा प्रश्न कुणाच्या घरी उभा असेल, तर कोणती तपासणी कुठे करावी याचा माझा हिशोब इथे मांडतो.

सगळ्यात आधी बीटी-सीटी, म्हणजे रक्त थांबायला आणि गोठायला लागणारा वेळ. बोट टोचायचं, टिपकागदानं टिपत राहायचं, घड्याळ बघायचं. दाढ काढण्याआधी आमच्याकडेही हेच झालं होतं आणि नॉर्मल आलं होतं. फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारी प्रथिनं, अगदीच कमी असतील तेव्हाच हा सीटी बिघडतो, आणि बीटी तर करणाऱ्याच्या हातावरही बदलतो. पूर्वापार चालत आली म्हणून ही तपासणी अजून लिहून देतात. आनुवंशिक आजार शोधायला मी तिच्यावर एक रुपयाही घालणार नाही.

पीटी, एपीटीटी (प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, गोठायला किती वेळ लागतो हे मोजणाऱ्या दोन तपासण्या) आणि प्लेटलेट काउंट मात्र आपल्याच गावात करून घ्या. एकटा एपीटीटी लांबला, तर संशय फॅक्टर 8, 9 किंवा 11 वर जातो. एकटा पीटी लांबला तर 7 वर. मग रुग्णाच्या प्लाझ्मात निरोगी माणसाचा प्लाझ्मा मिसळून पाहतात. वेळ सुधारली तर फॅक्टर कमी आहे, नाही सुधारली तर फॅक्टरला अडवणारं काहीतरी रक्तात आहे. एवढ्या स्वस्तात एवढी दिशा दुसरी कुठलीच तपासणी देत नाही. फक्त निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरली आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. तिच्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रावण) असं माप असतं. ट्यूब अर्धीच भरली तर निरोगी माणसाचाही एपीटीटी लांबलेला दिसतो.

पण या तिन्ही नॉर्मल आल्या म्हणजे सुटलो असं नाही. सौम्य वॉन विलेब्रँड आजार यांतून निसटतो; त्यात प्लेटलेटना जखमेवर चिकटवणारं याच नावाचं प्रथिन कमी किंवा सदोष असतं. फॅक्टर 13 ची कमतरता निसटते. बाळाची नाळ गळताना रक्त थांबत नसेल तर फॅक्टर 13 ची वेगळी तपासणी मागावी लागते. ग्लान्झमन थ्रॉम्बॅस्थेनियात प्लेटलेटची संख्या बरोबर असते, पण त्या एकमेकींना चिकटत नाहीत. तिथे अ‍ॅग्रिगेशनची, म्हणजे प्लेटलेट एकत्र येतात का हे पाहणारी, तपासणी लागते आणि तिला ताजं रक्त लागतं, कुरिअरचं चालत नाही.

खरा पेच पुढच्या पायरीवर येतो. फॅक्टरची पातळी किंवा वॉन विलेब्रँडची तपासणी बहुतेक वेळा बाहेरगावी जाते. मग नमुना पाठवावा की रुग्णाला घेऊन जावं?

मुलगा असेल, रांगायला लागल्यापासून गुडघे सुजत असतील, एपीटीटी लांबलेला असेल, म्हणजे संशय हिमोफिलियाचा (फॅक्टर 8 किंवा 9 कमी असण्याचा) असेल, तर नमुना पाठवायला माझी हरकत नाही. अट एकच: लॅबनं रक्त काढल्यापासून चार तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करून गोठवावा आणि तो गोठलेलाच पोहोचावा. एप्रिल-मे महिन्यातल्या सोलापुरात हे विचारून घेतलंच पाहिजे. फॅक्टर 8 किंवा 9 एक टक्क्याच्या खाली म्हणजे तीव्र हिमोफिलिया, 1 ते 5 मध्यम, त्यावर 40 पर्यंत सौम्य. तीव्र प्रकारात आकडा एवढा खाली असतो की थोड्या चुकीनं निदान बदलत नाही. हा कागद जपून ठेवा. 2016 च्या कायद्यात हिमोफिलिया दिव्यांगत्वात मोडतो आणि प्रमाणपत्राच्या वेळी तो लागतो.

वॉन विलेब्रँडचा संशय असेल, तर मात्र माणूसच न्यावा. हे प्रथिन मोठं लहरी आहे. ताप, गरोदरपण, धावपळ, सुईच्या भीतीनं रडणं, कशानंही त्याची पातळी चढते. ओ रक्तगटात ती मुळातच सुमारे पाव भागानं कमी असते. प्लाझ्मा वेगळा न करता रक्त तसंच बर्फात ठेवलं तर ती खोटी खाली येते. आमची पहिली तपासणी भाची तापानं अ‍ॅडमिट असताना झाली. आकडा आला 58 टक्के, आणि "काही नाही" म्हणून घरी पाठवलं. मी तेव्हा पेढे आणले होते.

या तपासणीत तीन आकडे एकत्र हवेत: अँटिजेन म्हणजे प्रथिन किती आहे, अ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे ते काम किती करतं, आणि त्याच्याच आधारावर रक्तात टिकणारा फॅक्टर 8. नुसतं अँटिजेन करून स्वस्तात भागवू नका. अँटिजेन 60 आणि अ‍ॅक्टिव्हिटी 20 असेल तर माल आहे, पण नासका. तो टाइप 2, आणि त्याचा इलाज टाइप 1 पेक्षा (त्यात माल चांगला, पण कमी असतो) वेगळ्या वाटेनं जाऊ शकतो. पातळी 30 च्या खाली असेल तर आजार नक्की. 30 ते 50 असेल आणि रक्तस्रावाचा इतिहास असेल, तरी आजारच धरतात.

पुणं जवळ आहे, हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की झालं. पण निदान अडलेलं असेल तर मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं थेट मुंबई गाठायला सांगेन. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था आहे आणि रक्तस्रावाचे आजार हा तिथल्या कामाचाच भाग आहे. आधी फोन करून वेळ घ्या. अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी चालू असेल तर ती किती दिवस आधी थांबवायची, हे डॉक्टरांना विचारा. मनानं बंद करू नका.

जनुकीय तपासणी सगळ्यात महाग, आणि अनेकांना तिची गरजच नसते. टाइप 1 मध्ये तर बऱ्याचदा दोष सापडतच नाही. हिमोफिलियाच्या घरातली लेक किंवा बहीण वाहक आहे का, पोटातल्या बाळाचं काय, असे प्रश्न असतील तेव्हा ती करावी, आणि आधी घरातल्या रुग्णाची. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं, तिथे वॉन विलेब्रँडच्या टाइप 3 चा (त्यात हे प्रथिन जवळजवळ नसतंच) विचारही करावा लागतो: आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळाला चारात एक धोका.

महिन्याभरानं, भाची ठणठणीत असताना, आम्ही दुसऱ्यांदा तपासणी केली. अँटिजेन 34, अ‍ॅक्टिव्हिटी 32. टाइप 1. त्याच खुर्चीत मग ताई बसली आणि तिनं बाही वर केली. तिचा आकडा 36 आला.