लॉर्टनला कार ट्रेनमध्ये चढवावी की सरळ आय-९५ धरावा?

व्हर्जिनिया, मेरीलँड, अगदी न्यू जर्सीकडून सुद्धा फ्लोरिडाला स्वतःची गाडी घेऊन जायचं असेल तर मार्ग दोनच. एकतर आय-९५ ह्या उत्तर-दक्षिण हायवेला लागायचं आणि दोन दिवस चालवत राहायचं, नाहीतर व्हर्जिनियातल्या लॉर्टनला अ‍ॅमट्रॅकच्या (म्हणजे अमेरिकेतल्या प्रवासी रेल्वे कंपनीच्या) ऑटो ट्रेनमध्ये गाडी चढवायची आणि आपणही त्याच गाडीत बसायचं. (मराठीत दोन्ही गाड्याच, त्यामुळे ह्यापुढे कार आणि ट्रेन असंच लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.)

मी दोन्ही करून बघितलंय, कारने दोनदा आणि ट्रेनने तीनदा. नवराबायको दोघंच चार दिवसांसाठी जाणार असाल तर विमानाने जा आणि तिकडे रेंटल घ्या, तुमच्यासाठी हे लिहीतच नाहीये. आमची भानगड वेगळी होती. धाकटी बहीण फ्लोरिडात टँपाला, तिचं पहिलं बाळंतपण, आई-बाबा पुण्याहून आधी आमच्याकडे व्हर्जिनियात हर्न्डनला उतरलेले आणि आईने आमच्या किचनमध्ये आठवडाभर डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, बाळंतशेपा भाजून ठेवणं वगैरे कारखाना काढलेला. झबली, टोपरी, दुपटी वेगळी. शिवाय तिचा पुण्याहून आणलेला कुकर, कारण इथले कुकर तिला पटत नाहीत. हे सगळं विमानात कसं नेणार, आणि मुक्काम दीड महिन्याचा, तेवढे दिवस रेंटल कार म्हणजे खिसा रिकामा.

तर पहिल्यांदा गेलो कारने. मॅप बारा-तेरा तास दाखवतो, पण मॅपला ना भूक लागते ना लघवीला. सत्तरीतले आईवडील बरोबर असले की दर दीड तासाला थांबा, म्हणजे एका दिवसात होत नाही हे धरूनच चाला. सुरुवातीलाच फ्रेडरिक्सबर्ग, तिथे ट्रॅफिक का असतो ह्याचं उत्तर आजवर मला कोणी दिलेलं नाही, फक्त असतो. जानेवारी २०२२ मध्ये बर्फात ह्याच पट्ट्यात लोक चोवीस तासांच्या वर अडकले होते, सिनेटर टिम केनसुद्धा सत्तावीस तास कारमध्ये बसून होते, तेव्हा आपण तासभर अडकलो तर तक्रार कशाला असं मी मनाला समजावतो. रिचमंड सुटलं की रस्ता बरा. नॉर्थ कॅरोलिनात साऊथ ऑफ द बॉर्डर नावाच्या रस्त्याकडेच्या करमणुकीच्या ठिकाणाच्या, त्यांच्या त्या पेड्रो नावाच्या पात्राच्या जाहिरातींच्या पाट्या सुरू होतात, बाबांनी त्यातली एक न एक पाटी मोठ्याने वाचली, आणि खरं सांगतो मजा आली. वाटेत मनात येईल तिथे उतरता येतं, झाडाखाली दशम्या-चटणी खाता येते, कारमधल्या गप्पा होतात. ही मजा ट्रेनमध्ये तशी नाही, ते मान्य.

पण मग येतो रात्रीचा मुक्काम.

साऊथ कॅरोलिनात फ्लॉरेन्सच्या जवळ एका मोटेलात रात्री साडेअकराला पोचलो. खोल्या वरच्या मजल्यावर, बाहेरून जिना, लिफ्ट नाही. रिसेप्शनवर ठळक पाटी, कारमध्ये दिसेल असं सामान ठेवू नका, आम्ही जबाबदार नाही. आता आमच्या कारमध्ये न दिसण्यासारखं होतं काय? मागची काच लाडवांच्या डब्यांनी भरलेली. मी म्हणालो लाडू कोण चोरणार, आई म्हणाली कुकर चोरतील. मग काय, कूलर, डबे, कुकरची पिशवी, दुपट्यांचं गाठोडं, बाबांच्या औषधांची पिशवी, चार बॅगा, सगळं जिन्यावरून वर, मी आणि बायको, सहा-सात फेऱ्या. दिवसभर चालवून कंबर आधीच धरलेली. खोलीत सिगरेटचा वास, एसी खडखडणारा. आणि सकाळी सहाला तेच सगळं खाली, आणि आदल्या दिवशी नीट बसलेलं सामान दुसऱ्या दिवशी त्याच डिकीत बसत नाही हा तर निसर्गनियमच आहे.

साठेक मैल पुढे गेलो, सँटीला तळ्याजवळ रेस्ट एरियात नाश्त्याला थांबलो. आईने दशमी बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती थोडा वेळ नुसतीच धरली आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, अरे, कवळी तिथेच राहिली. बाथरूममध्ये पेल्यात काढून ठेवलेली. साठ मैल मागे, साठ मैल परत पुढे. मोटेलवाल्या बाईने टिशूत गुंडाळून ठेवली होती, तिचे उपकार, पण दोन तास गेले ते गेले आणि बाबा पुढे टँपापर्यंत एक शब्द बोलले नाहीत, पाट्यासुद्धा वाचल्या नाहीत.

ड्रायव्हिंगचा मला त्रास नाही, ट्रॅफिकचाही आता फार नाही. ते उतरवणं आणि परत चढवणं, त्याने माझा निर्णय केला. तुमचं सामान दोन बॅगांचं असेल तर तुम्हाला हा मुद्दा हास्यास्पद वाटेल, आणि बरोबरच आहे.

येताना ट्रेनने आलो आणि मग पुढेही दोनदा. ट्रेन लॉर्टन ते फ्लोरिडातलं सॅनफर्ड, ८५५ मैल, मध्ये प्रवाशांसाठी स्टेशनच नाही. म्हणजे सव्हानाला किंवा चार्ल्सटनला जायचं असेल तर ही ट्रेन तुमच्या कामाची नाही. संध्याकाळी पाचला सुटते, दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला पोचवते. १९७१ मध्ये एका खाजगी कंपनीने सुरू केली, दहा वर्षांत तिचं दिवाळं निघालं, मग १९८३ पासून अ‍ॅमट्रॅक चालवतं. आपल्याकडे कोकण रेल्वे १९९९ पासून कोलाड ते वेर्णा ट्रक नेते ते बाबांना माहीत होतं, त्यामुळे त्यांना वाटलं कार उघड्या वॅगनवर बांधणार आणि आपण त्यातच बसणार. तसं नाही, बंद दुमजली डबे असतात. आपण चावी द्यायची, कारच्या दाराला नंबराचं मॅग्नेट चिकटवतात, आधीचे ओरखडे कॅमेऱ्यात टिपून घेतात, आणि त्यांचा माणूस कार चालवत आत नेतो. बाबांनी तो नंबर डायरीत लिहून घेतला आणि डायरी खिशात ठेवून वर दोनदा चाचपून बघितली.

लक्षात ठेवायची गोष्ट एकच, कार एकदा आत गेली की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिच्यातलं काही मिळत नाही. म्हणून रात्रीपुरती एक पिशवी हातात, बाकी सगळं कारमध्ये जसंच्या तसं. लाडू, कुकर, गाठोडं, काही म्हणजे काही हलवायचं नाही. घरून निघताना जे भरलं ते बहिणीच्या दारातच उतरलं. मला तर एवढ्यावरच पैसे वसूल वाटतात.

झोपेबद्दल मात्र फार अपेक्षा नकोत. कोच म्हणजे साध्या बैठ्या डब्यातली खुर्ची मागे जाते, पाय ठेवायला शिवनेरीपेक्षा जास्त जागा, पण आडवं होता येत नाही आणि माझी मान दुसऱ्या दिवशी एकाच बाजूला वळत होती. वडीलधारे असतील तर रूमेट घ्या, दोन बर्थची इवलीशी खोली, आम्ही समोरासमोरच्या दोन घेतल्या. वरच्या बर्थवर तुम्हीच चढा, आईबाबांना चढवू नका. रूमेटवाल्यांना रात्रीचं जेवण तिकिटातच असतं, कोचवाल्यांना विकत घ्यावं लागतं. आईने दोन्ही वेळा आपला डबाच उघडला, तो भाग वेगळा.

रात्री कधीतरी ट्रेन थांबली म्हणून मला जाग आली. काम करणारे बदलतात, इंधन वगैरे भरतात, त्यासाठी थांबते. कुठे आलोय म्हणून फोनमध्ये बघितलं तर फ्लॉरेन्स. तेच गाव. खाली कोणी उतरत नव्हतं, समोरच्या खोलीत बाबा घोरत होते, आणि मी तसाच पडून राहिलो.

ट्रेनची खोड सकाळी कळते. सॅनफर्डला उतरलात म्हणजे कार मिळाली असं नाही. डबे वेगळे काढायचे, रॅम्प लावायचे, एकेक कार बाहेर आणायची, आणि नंबर पुकारतात त्याला काही क्रम नाही, पहिला आलेला पहिला असं नाही. हाउझीसारखं, सगळे नंबराकडे कान लावून बसलेले. कधी वीस मिनिटं, कधी तासाच्या वर. जादा पैसे भरून आधी कार मिळण्याची सोय आहे पण ती मोजक्याच कारना. शिवाय रूळ मालगाड्यांच्या कंपनीचे, त्यामुळे दहा म्हणजे दहाच असं धरून दुपारचं काही ठरवू नका. ज्याला हे बसून राहणं सहन होत नाही त्याने कारनेच जावं, मनापासून सांगतो. आमच्या बाबांना ते आवडलं हे मी काही नियम म्हणून सांगत नाही, शेजारचे एक ओहायोचे आजोबा आणि ते, दोघांनी मिळून पुकारलेले नंबर लिहून काढले आणि पुढचा कोणता येईल ह्यावर पैज लावली.

पैशाचं म्हणाल तर कारने जाणं स्वस्तच पडतं. एका बाजूचं तीसेक गॅलन पेट्रोल, दोन खोल्यांचं मोटेल, खाणं, एवढं धरूनही चौघांच्या रूमेटचा खर्च त्याच्या बराच वर जातो. कोचने गेलात तर फरक कमी होतो, आणि जाऊन-येऊन कारवर सतराशे मैल चढत नाहीत ते वेगळं. न्यू जर्सीवाल्यांना आधी लॉर्टनपर्यंत चार-पाच तास चालवायचंय आणि दुपारी तीनच्या आत कार ताब्यात द्यायचीय, वाटेत बाल्टिमोर लागतं, तेव्हा सकाळी लवकर निघा. तिथपर्यंत येऊन तुमच्या प्रवासाचा चौथा भाग संपलेला असतो आणि ‘आता पुढे पण चालवूच’ असं वाटायला लागतं, मला तेही समजतं. चालवायला दोघं असाल, पोरं मोठी असतील, सामान कमी असेल तर चालवा की, पेड्रोच्या पाट्या वाचा.

आणि ट्रेनचं ठरलंच तर तारखा आधी बघा. थंडीच्या सुरुवातीला दक्षिणेकडे आणि मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडे तिकीट चढं असतं, कारण हिवाळ्यापुरते फ्लोरिडाला जाणारे सगळे आजी-आजोबा तेव्हाच निघालेले असतात. उलट दिशेने जाणार असाल तर बरंच स्वस्त मिळतं, आम्हाला एकदा तसं मिळालं होतं.