सोलर पंपाच्या नावाने गंडवलं, गावी शेती असलेल्या मुंबईकरांनी वाचाच

आम्ही भांडुपला राहतो, गाव साताऱ्याच्या माण तालुक्यात, शेती धाकटा भाऊ बघतो. विहिरीवर मोटर आहे पण शेतीची लाइट अर्धे दिवस रात्रीचीच असते, म्हणजे पाणी धरायला मध्यरात्री बॅटरी घेऊन जायचं आणि पायाखाली साप आहे की विंचू ते देवालाच माहीत. त्यामुळे सोलर पंप म्हटला की आमच्याकडे सगळ्यांचे कान टवकारतात, आणि फसवणारे हे बरोब्बर ओळखून असतात.

भावाने मोबाईलवर ‘सोलर पंप ऑनलाइन फॉर्म’ टाकून जी पहिली साइट आली तीच उघडली. पंतप्रधानांचा फोटो, तीन सिंहांची मुद्रा, मोठ्या अक्षरात पीएम कुसुम (शेतीच्या सोलर पंपाची केंद्राची योजना), मग शंका कशाला येतेय. आधार, सातबारा, पासबुक सगळं अपलोड करून मोकळा. लगेच एका मॅडमचा फोन, बोलणं एकदम शुद्ध मराठी, भावाचा गट नंबर तोंडपाठ (पाठ असणारच, सातबारा आपणच दिलाय ना). व्हॉट्सअ‍ॅपवर मंजुरीचं पत्रही आलं, शिक्का, सही, क्यूआर कोड आणि पत्ता नरिमन पॉइंट, मुंबई. भाऊ मला म्हणतो, “दादा, ऑफिस तुमच्याच मुंबईत आहे, म्हणजे खरंच असणार.”

आता मी चौकशी केली नाही असं नाही बरं का. नेटवर वाचून काढलं की शेतकऱ्याने १० टक्केच भरायचे, एससी एसटीला ५ टक्के, बाकीचं सरकार देतं. अडीच एकरपर्यंत ३ एचपी, पाच एकरपर्यंत ५ एचपी, त्याच्या वर साडेसात. आमची जमीन तीन एकर आणि मॅडमनी ५ एचपीच सांगितलेला, पाच वर्षांची गॅरंटी पण जुळली. सगळं जुळत होतं आणि खरी गोम तिथेच आहे, कारण योजना खरी, टक्के खरे, एचपी खरे, खोटं फक्त ते खातं जिथे आपले पैसे जातात. त्यामुळे योजना खरी आहे का हे कितीही तपासा, उपयोग शून्य, पैसे कोणाच्या नावावर चाललेत ते बघा.

भावाच्या खात्यात तेवढे नव्हते म्हणून हिश्श्याचे २७,००० मी यूपीआयवरून टाकले. समोर नाव आलं कुठल्या तरी माणसाचं, विचारलं तर “सर, ते आमचे अकाउंटंट आहेत, सरकारी खात्याचं मेंटेनन्स चालू आहे.” मग ट्रान्सपोर्ट आणि इन्शुरन्सचे ८,५०० गेले, ते म्हणे पंप बसला की परत मिळणार. मग ट्रकमध्ये पॅनल चढवल्याचा फोटो आणि त्याच्यामागोमाग “गाडी चेकपोस्टला अडवलीय, १२,००० पाठवा.” तेव्हा भाऊ तडक तालुक्याच्या महावितरण ऑफिसात गेला. तिथल्या साहेबांनी पहिलंच विचारलं, लाभार्थी क्रमांक काय? तो आमच्याकडे नव्हताच. विषय संपला.

नरिमन पॉइंटला मी जाऊन आलो. बिल्डिंग आहे, पण त्या नावाचं ऑफिस नाही. वॉचमन मला बघूनच म्हणाला, अजून एक सोलरवाले आले का.

खरी पद्धत भावाला नंतर महावितरणमध्ये समजली. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अर्ज महावितरणच्याच पोर्टलवर करायचा, लाभार्थी क्रमांक मिळतो, अर्ज तपासून झाला की हिस्सा त्याच पोर्टलवर ऑनलाइन भरायचा आणि त्यानंतर पंपाची कंपनी यादीतून शेतकरी स्वतः निवडतो. मधे कोणी मॅडम नाही, कोणाचं पर्सनल यूपीआय नाही. कुसुमच्या नावाने डॉट ओआरजी, डॉट कॉम, डॉट इन असल्या बनावट साइट फिरतायत हे केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानेच जाहीर केलेलं आहे, त्यांची साइट जीओव्ही डॉट इनने संपते आणि टोल फ्री नंबर १८००-१८०-३३३३.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, पोलीस स्टेशन नंतर. गुन्हा मुंबईत की साताऱ्यात या वादात आमचा वेळ गेला, तो वाद घालूच नका, तक्रार कुठूनही करता येते. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळवलं तर बँक होल्ड लावू शकते, आमचे ८,५०० मधले थोडे तसे अडकलेत, २७,००० कधीच पुढे गेलेले. आणि आधारची कॉपी त्यांच्याकडे गेली असेल तर एमआधार अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून टाका, म्हणजे बोटांच्या ठशावर आधार वापरून कोणी खात्यातले पैसे काढू शकत नाही. भावाने पासबुक दिलं त्याच खात्यात पीएम किसानचे २,००० येतात.

अजून एक, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तक्रार केल्यावर काही दिवसांनी मला फोन आला, “सायबर सेलमधून बोलतोय, तुमचा रिफंड मंजूर झालाय, प्रोसेसिंगचे २,९९९ भरा.” तेच लोक असावेत किंवा त्यांनी आमचा नंबर पुढे विकला असावा. पोलीस रिफंडसाठी फी घेत नाहीत, असा फोन आला की तो नंबरसुद्धा तक्रारीत टाका.