दोन हजारातला मेटल डिटेक्टर, गेटवर उभं राहणाऱ्याच्या हातातनं

पहिलंच सांगतो, घेणार असाल तर व्हायब्रेशनवालाच घ्या. नुसता वाजणारा घेतला की पैसे पाण्यात, कारण आम्ही उभं असतोय ते ऑर्केस्ट्रा, दांडिया, मोकळ्या मैदानावरचे प्रोग्राम, तिथं मागं साउंडची भिंत लागलेली असते आणि शेजारच्या पोराला हाक मारली तरी ऐकू येत नाही, मग त्या मशीनची टूं कुणाला ऐकू येणार. माझ्याकडं आहे त्याला बाजूला बारकं बटण आहे, ते दाबून धरलं की आवाज बंद आणि मूठ थरथरते. ह्या एका गोष्टीसाठी भावा पूर्ण मार्क.

मी तालमीतला, तिथनंच ह्या सिक्युरिटीच्या लाईनीत आलो, कोल्हापुरात गेटवरची निम्मी पोरं तशीच आलेली आहेत. बॉडी बघून आयोजक खूश होतोय पण गेटवर खरं काम हाताचं आणि डोळ्याचं असतंय. मशीन ऑनलाईन मागवलं, दोन हजाराच्या आत बसलं, नाव सांगत नाही कारण तोच माल चार नावांनी विकतात. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल लागतो. सोबत आलेला सेल लगेच उतरला, तेव्हा अल्कलाईनच घाला आणि एक जादा खिशात ठेवा, कारण सेल उतरला की मशीन कमी पकडतंय आणि ते आपल्याला कळत पण नाही. म्हणून ड्युटी चालू करताना आणि मधी मधी स्वतःच्या किल्लीवर फिरवून बघायचं.

आता पकडतंय काय काय ते. गाडीची किल्ली, लायटर, बेल्टचं बक्कल, पत्र्याची चुन्याची डबी, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद सुद्धा. चप्पल मात्र गंमत आहे, अस्सल हातशिलाईची कोल्हापुरी असली की त्यात खिळा नसतोय, चामड्याच्या वादीनंच शिवलेली असते, त्यामुळं मशीन गप्प. पायाशी वाजलं की समजायचं पावण्यानं बाजारातनं खिळे मारलेला माल उचललाय, आम्ही गेटवर ह्याच्यावर लई हसतो.

बायकांच्या लाईनीला ह्याचा सेन्सिटिव्हिटी स्क्रू, म्हणजे पकडण्याची ताकद कमीजास्त करणारा, कमी करावाच लागतो. पैंजण, जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र, साडीच्या पिना, नवरात्रात तर ऑक्सिडाइज्डचे एवढाले दागिने, मशीन थांबायचं नावच घेत नाही. आणि ती लाईन बाईगार्डकडंच पायजे, आयोजक पैसे वाचवायला "तूच बघ की जरा" म्हणतोय तिथं सरळ नाही म्हणायचं, मशीन लांबनं फिरवायचं असलं तरी.

न पकडणारं पण सांगायला पायजे, कारण लोकांना वाटतं हे मशीन म्हणजे एक्सरे. आत तारेची कॉईल असते, ती चुंबकीय क्षेत्र तयार करते, धातू जवळ आला की त्यात करंट उमटतो आणि तेवढंच मशीनला कळतं. काच नाही, प्लॅस्टिक नाही. म्हणजे पाण्याच्या बाटलीत भरून आणलेली दारू हे कधीच दाखवणार नाही, ती नाकानं आणि माणसाच्या तोंडाकडं बघूनच कळते. बॅग उघडून बघायला लागतीच. लोखंडी बॅरिकेडला चिकटून उभं राहिलं तर प्रत्येक माणूस वाजतोय, हातभर लांब उभं राहा. शेजारच्या लाईनीतलं मशीन पण फार जवळ आलं की दोन्ही उगाच कोकलतात.

स्पीडचा हिशोब आयोजकानं आधी करावा. एका माणसाला नीट बघायचं तर पंधरा सेकंद जातात, म्हणजे मिनिटाला चार, तासाला 240. दोन हजार पब्लिक आणि पाच लाईनी असल्या तरी पावणेदोन तास धरा, आणि आपला कोल्हापूरकर जेवूनखाऊन शेवटच्या अर्ध्या तासात सगळा एकदम येणार. मागनं रेटा वाढला की पुढची लेकरं बॅरिकेडवर दाबली जातात. मशीन चांगलं असून तिथं उपयोग नाही, अशा टायमाला मी ते कमरेला अडकवतो, दोन्ही हात मोकळे करतो आणि आधी रेटा मागं घ्यायला लावतो. चेकिंग नंतर.

एकदा एका आजोबांनी कार्ड दाखवलं, छातीत पेसमेकर. अशा माणसाच्या छातीवर मशीन धरून बसायचं नाही, त्यांना विचारून हातानं बघायचं आणि आत सोडायचं. हे आपल्याला कुणी सांगत नाही. कागदावर 2005 च्या खासगी सिक्युरिटी एजन्सीच्या कायद्याखाली केंद्राच्या नमुना नियमांत गार्डला 100 तास वर्गात आणि 60 तास फील्डवर ट्रेनिंग आहे, त्यात चेकिंगची उपकरणं पण येतात, पण संध्याकाळी पाचला फोन येतो "सहाला ये" आणि टीशर्ट आणि मशीन गेटवरच हातात पडतं. अजून एक, वाजलेली वस्तू आपण जप्त करायची नसते, "गाडीत ठेवून या दादा" म्हणायचं, ऐकलं नाही तर एन्ट्री नाही, चाकूबिकू असला तर पोलिसांना बोलवायचं.

पावसात हे टिकत नाही, वॉटरप्रूफ लिहिलंय ते विसरा. परतीच्या पावसात मी त्याला सरळ दुधाची रिकामी पिशवी घालतो आणि रबर लावतो, प्लॅस्टिकमुळं पकडण्यात काही फरक पडत नाही.

पाचातले साडेतीन. अर्धा मार्क कापला कमरेच्या क्लिपला, ती पहिल्याच गर्दीत तुटली, आता सुतळी बांधलीय. बाकीचा एक सेलच्या झाकणाला, लई ढिलं आहे, टेप मारूनच वापरा.