गुलबनफशाच्या नावाखाली सासऱ्यांना लुबाडलं, घरात खोकल्याचं जुनं पेशंट असेल तर नक्की वाचा

मोठी पोस्ट आहे पण पूर्ण वाचा आणि घरातल्या ज्येष्ठांना वाचून दाखवा, कारण ही माणसं नेमकी त्यांनाच गाठतात.

माझ्या सासऱ्यांना बरीच वर्षं खोकला आहे, थंडी सुरू झाली की रात्र रात्र बसून काढतात. मागच्या हिवाळ्यात ते पुण्यात एका हॉस्पिटलमधून तपासून बाहेर आले आणि रिक्षाची वाट बघत उभे होते, तेवढ्यात एक चांगल्या कपड्यातला पस्तिशीचा माणूस जवळ आला, हातात फाईल, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं हाही पेशंटचाच नातेवाईक. "काका, माझ्या वडिलांना अगदी असाच खोकला होता हो, सगळे डॉक्टर झाले, शेवटी एका काश्मिरी फुलाने बरं वाटलं." मग फुलाचं नाव सांगितलं, गुलबनफशा, म्हणजे बनफशाचं फूल. दुकानाचं नाव कागदावर लिहून दिलं, पैसे मागितले नाहीत, फोन नंबरही मागितला नाही, उलट जाता जाता वाकून नमस्कार करून गेला. बाबांना तो इतका सज्जन वाटला की घरी येऊन दोन दिवस त्याचंच कौतुक. हा माणूस त्याच दुकानाचा असतो हे आम्हाला नंतर पोलीस स्टेशनला कळलं, तिथले हवालदार म्हणाले की मॅडम हे नेहमीचंच आहे, कधी गुडघेदुखी, कधी अंगावरचे पांढरे डाग, कधी खोकला, पद्धत तीच.

आता दुकानात काय झालं ते नीट सांगते. बाहेर बोर्ड, त्यावर शुगरपासून कॅन्सरपर्यंत सगळं बरं होतं असं लिहिलेलं, आत काचेच्या बरण्या, धन्वंतरीचा फोटो, उदबत्ती. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला हे फूल चरकसंहितेत सांगितलेलं आहे, दमा मुळापासून जातो. एका बरणीवर चिठ्ठी, "बनफशा ३५०". बस एवढंच, ३५० कशाचे, तोळ्याचे, ग्रॅमचे, पुडीचे, काही नाही. बाबांनी विचारलं तर "काका, ते तोळ्यावरच चालतं हो सगळं" असं म्हणून विषय बदलला. मग काट्यावर एक एक वस्तू टाकत गेले, बनफशा, ज्येष्ठमध, पिंपळी, वंशलोचन, कुठलंसं भस्म, आणि बाबा चष्मा पुसून बिल किती झालं विचारेपर्यंत आतल्या खोलीत मशीन सुरू करून सगळं दळून मोकळे. दळल्यावर सांगितलं, एकूण ३४,६०० रुपये. त्यात नुसता बनफशाच ६० ग्रॅम, ३५० रुपये ग्रॅम, म्हणजे २१,०००! बाबा म्हणाले एवढे नकोत, तर लगेच आवाज चढला, आता कुटून झालंय, ही दवा फक्त तुमच्या नावाची आहे, परत कशी घ्यायची, आणि दोन पोरं त्यांच्यासोबत एटीएमपर्यंत चालत आली. ७२ वर्षांचा माणूस, धाप लागलेली, दोन्ही बाजूंनी दोघं उभे, काय करणार? पैसे दिले. बिल मागितलं तर साध्या चिटोऱ्यावर नुसता आकडा, ना दुकानाचं नाव ना जीएसटी नंबर.

चहात टाकायला म्हणून थोडी आख्खी फुलं वेगळ्या पुडीत दिली होती, आणि तिथेच त्यांचं पितळ उघडं पडलं.

मी शाळेत सायन्स शिकवते. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी लगेच टाकलं की ओरिजिनल बनफशा ओळखायचा असेल तर पाण्यात भिजवून लिंबू पिळा, गुलाबी झालं की अस्सल. ही टेस्ट तशी खोटी नाही, बनफशाच्या सरबताचा रंग आम्लात लाल आणि अल्कलीत हिरवा होतो हे रॉबर्ट बॉईलने १६६४ मध्येच लिहून ठेवलंय. आम्ही लिंबू पिळलं, निळं पाणी झटकन जांभळं-गुलाबी झालं आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला की चला, महाग तर महाग, माल तरी खरा आहे. मला मात्र त्या पाण्याचा रंग खटकत होता, इतका गडद शाईसारखा निळा. म्हणून एक फूल कोमट पाण्यात ठेवून हळूच पसरवलं. एकच मोठी पाकळी उघडली, माझ्या अंगठ्याहून रुंद, मध्ये पांढरट-पिवळा डाग, आणि खाली दोन-चार छोट्या पाकळ्या दुमडलेल्या. अहो ही तर गोकर्ण! आमच्या सोसायटीच्या कुंपणावर वर्षभर फुललेली असते, रोज देवाला वाहतो आपण. गोकर्णाच्या निळ्यातही त्याच जातीची रंगद्रव्यं असतात, त्यामुळे लिंबू पिळलं की तीही रंग बदलते. म्हणजे ज्या टेस्टवर लोक विश्वास ठेवतात ती इथे काहीच सांगत नाही, आणि फसवणाऱ्यांना हे पक्कं माहीत असणार असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी फुलं कशी असतात ते मी मग मंडईजवळच्या एका जुन्या काष्ठौषधीवाल्या आजोबांकडे जाऊन बघितलं. मी बनफशा म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "फूल पाहिजे का पंचांग?" कारण नुसती फुलं महाग आणि पान-देठ-मूळ सगळं मिळून येतं ते पंचांग बरंच स्वस्त, आणि प्रामाणिक दुकानदार हा फरक स्वतःहून सांगतो. त्यांनी मूठभर फुलं कागदावर ओतली. अगदी बारकी, चुरगळलेली, फिकट जांभळी, काही तर तपकिरीकडे झुकलेली, दिसायला काहीच भारी नाहीत. पाण्यात भिजल्यावर पाच पाकळ्या सुट्या दिसल्या, सगळ्या सारख्या नाहीत, आणि खालच्या पाकळीला मागे नखाएवढी पोकळ शेपटी, ही खूण लक्षात ठेवा, गोकर्णाला ती नसते. सगळं फूल उघडून जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर. एक चावून बघितलं तर किंचित गोडसर आणि बुळबुळीत लागलं. पण आजोबा हेही म्हणाले की हिमालयातल्या याच कुळातल्या दुसऱ्या जातीही बनफशा म्हणूनच बाजारात येतात, त्यामुळे नुसत्या फोटोवरून ऑनलाईन घेणाऱ्यांनी जरा जपून.

आणि त्या चरकसंहितेच्या थापेबद्दल. सासऱ्यांच्या ओळखीच्या वैद्यबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या चरक-सुश्रुतात हे औषध नाहीच. नावच फारसी आहे, युनानी हकिमांकडून ते आपल्याकडे आलं आणि मग वैद्यांनीही आपलंसं केलं. काश्मीर-हिमाचलकडे सर्दी-खोकल्याला घरोघरी याचा काढा होतो, सोबत उन्नाव म्हणजे ती मोठी सुकी लाल बोरं, सपिस्तान म्हणजे आपल्या भोकराची सुकी फळं, ज्येष्ठमध, आणि गावजबान ही युनानीतली एक वनस्पती. घसा बसला, कोरडा खोकला, कफ चिकटून बसलाय, थोडा ताप आहे, पोट साफ होत नाही, अशा तक्रारींना हकीम आणि वैद्य दोघंही देतात, युनानीत शरबत बनफशा आणि रोगन म्हणजे तेल, ते रोगन बनफशाही आहे. काढ्यात लागतं किती, तर काही ग्रॅम, आणि मूळ जास्त गेलं तर उलट्या होतात. दमा मुळापासून घालवतो असं कुठलाच शहाणा वैद्य सांगत नाही. मला मनापासून राग येतो तो इथे, की एक साधं, सौम्य, शेकडो वर्षं लोकांच्या उपयोगी पडलेलं औषध, त्याच्या नावावर असा धंदा करतात.

पैशांपेक्षा मोठी काळजी त्या पावडरची होती. बाबांना ती घेऊन तीन-चार दिवसांत एकदम आराम पडला, भूक वाढली, आणि छातीच्या डॉक्टरांनी हे ऐकताच आधी शुगर तपासायला सांगितली. अशा बिनलेबलच्या पावडरींमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, त्याने बरं वाटतं, पण शुगर वाढते आणि आतून नुकसान होतं. कुणी महिनोन्महिने घेत असेल तर घाबरून एका दिवसात बंदही करू नका, स्टिरॉइड असेल तर ते अचानक थांबवणं धोक्याचं असतं, पुडी घेऊन आधी डॉक्टरकडे जा.

आम्ही पुढे काय केलं तर नवरा आणि त्याचे दोन मित्र बाबांना घेऊन दुकानात गेले, तिथे ओळखच दाखवेनात. मग पोलिसांत लेखी तक्रार दिली, फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, आधीचं ४२०. पोलिसांचा फोन गेल्यावर २०,००० परत आले, बाकीचे अजून नाहीत. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर पण नोंद केली. तोळ्यावर विकणं हेच मुळात कायद्याला धरून नाही, वजन ग्रॅम-किलोतच हवं, त्यामुळे वैधमापन खात्याकडे वेगळी तक्रार करता येते, आणि कॅन्सर-शुगर बरी करतो असा बोर्ड लावणं १९५४ च्या औषधं आणि जादूच्या उपायांच्या जाहिरातींवरच्या कायद्यात (ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज) बसत नाही, त्यासाठी एफडीए म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार. बोर्डाचा फोटो मात्र रस्त्यावरूनच काढा, आम्ही दुसऱ्यांदा गेलो तोवर बोर्ड उतरवलेला होता.

तुमच्याकडे अशी पुडी असेल तर फेकू नका, आख्खी फुलं आणि पावडर वेगवेगळ्या डबीत बंद करून ठेवा, चिटोऱ्याचा फोटो आणि एटीएमची स्लिप सोबत ठेवा. आमच्या तक्रारीत पोलिसांनी सगळ्यात आधी हेच मागितलं होतं.