निवृत्तीनंतर जीव कशात लावावा? नागपूरकरांसमोरच्या चार वाटा

नागपुरात माणूस रिटायर झाला की भेटेल तो एकच विचारतो, "आता काय करून राहिले जी?" महालेखाकार कार्यालय, वेकोलि ही कोळसा कंपनी, रेल्वे, वीज कंपनी, बँका, शाळा... तीस-पस्तीस वर्षं एकाच ठिकाणी काढलेली माणसं या शहरात चिक्कार आहेत. पेन्शनचे कागद, मेडिक्लेम, मुलांची लग्नं, सगळ्याचं नियोजन झालेलं असतं. जीव कशात लावायचा, याचा विचार मात्र राहून जातो. सकाळी अंबाझरीला चक्कर आणि नातवंडांना शाळेत सोडणं एवढ्यानं ज्यांचं मन भरत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

वाटा साधारण चार दिसतात: एखाद्या संस्थेत जाऊन राहणं, शहरातच नेमाचं काम धरणं, साधना किंवा अभ्यास, आणि शेती.

त्याआधी एक गोष्ट आपल्याच परिसरातली. गांधीजी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले तेव्हा 66 वर्षांचे होते. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली तेव्हा ते 65 वर्षांचे होते. पण 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही येवल्याची घोषणा 1935 मधली. मधली 21 वर्षं वाचन, तुलना, विचार चालू होता. म्हणून मला वाटतं, साठीत अगदी नवं काही शोधत बसू नये. संसार आणि नोकरीच्या ओढाताणीत जे चाळिशीत बाजूला ठेवलं, ते आधी आठवून बघावं. चारही वाटांकडे याच नजरेनं बघा.

संस्थेत जाऊन राहणं

आनंदवन वरोऱ्याला, नागपूरहून सुमारे शंभर किलोमीटर. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये कुष्ठरुग्णांसोबत ते उभं केलं. सेवाग्राम त्याहून जवळ. लांब जायची तयारी असेल तर भामरागड तालुक्यातलं हेमलकसा, जिथे 1973 पासून लोकबिरादरीचं काम चालू आहे. या नावांचं आपल्याकडे मोठं आकर्षण आहे आणि ते रास्तच आहे.

पण तिथे कामाची घडी बसलेली असते आणि ते काम जाणणारी माणसं वर्षानुवर्षं तिथेच राहत असतात. आपण जातो ते शिकाऊ म्हणून. ज्यांच्या हाताखाली काल पन्नास माणसं होती, त्यांना याचाच त्रास होतो. पहिल्याच आठवड्यात "इथे अमुक पद्धत सुरू करायला हवी" असं म्हणावंसं वाटलं, तर ही वाट सध्या तुमची नाही. उलट डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, हिशेबनीस, सुतारकाम येणारा माणूस अशांचा उपयोग लगेच होतो. आधी संस्थेशी बोलून, परवानगी घेऊन थोडे दिवस राहून या, आणि शक्यतो मे महिन्यात जा. डिसेंबरातलं विदर्भ सगळ्यांनाच आवडतं.

शहरातच नेमाचं काम

माझा कौल याच वाटेला आहे.

मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत एखाद्या सोमवारी सकाळी उभं राहून बघा. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं हातात चिठ्ठी घेऊन उभी असतात. एक्स-रे कुठे, रक्त कुठे द्यायचं, रिपोर्ट कधी मिळणार, कोणाला विचारायचं तेही कळत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी कागद काढावेत तर रेशन कार्डावर 'सखुबाई' आणि आधारवर 'सकुबाई'. घरच्यांना तो फरक दिसतसुद्धा नाही. ज्यानं आयुष्यभर सरकारी फायली हाताळल्या, त्याच्या नजरेला तो पहिल्यांदा दिसतो. तो कोणत्या खिडकीवर, कोणत्या अर्जानं दुरुस्त होईल, हेही त्याला ठाऊक असतं. ज्या ज्ञानाला घरी कोणी विचारत नाही, त्याच्यावर तिथे एका कुटुंबाचा आठवडा वाचतो.

दुसरं काम वस्तीतल्या अभ्यासिकेचं. माझ्या ओळखीचे वीज कंपनीतून निवृत्त झालेले एक काका सातवीच्या मुलांना गणित शिकवतात. पाचशेतून एकशे सदतीस वजा करताना एक मुलगा दरवेळी अडायचा. शून्यातून सात जात नाहीत, शेजारीही शून्यच, मग हातचा घ्यायचा कुठून? काकांनी सुटे पैसे मांडले. शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा, त्यातली एक मोडून रुपयाची दहा नाणी. मुलानं ते तीन वेळा स्वतःच्या हातांनी केलं आणि मग वही ओढून घेतली. काका सांगत होते, सर्व्हिसमध्ये सबस्टेशन चालू होताना पाहिली, पण इतकं बरं वाटल्याचं आठवत नाही.

या वाटेवर त्याग मोठा दिसत नाही, फोटो येत नाहीत. पण मंगळवारी तुम्ही गेला नाहीत तर कोणीतरी वाट बघत बसतं. निवृत्तीनंतर नेमकं हेच हरवलेलं असतं. अट एकच, वार आणि वेळ ठरवून जा. 'सवड मिळाली की येईन' म्हणणाऱ्यावर मुलं विसंबत नाहीत, आणि संस्थाही.

साधना आणि अभ्यास

विपश्यनेचं केंद्र नागपूरजवळच माहुरझरीला आहे. दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारची घंटा, दिवसाला सुमारे दहा तास बैठक, मौन, आणि फी नाही. आधीच्या साधकांच्या दानावर ते चालतं. अभ्यासाची ओढ असेल तर विद्यापीठात पाली-प्राकृतचा विभाग आहे आणि रामटेकला 1997 पासून संस्कृत विद्यापीठ आहे.

नोकरीतला कडवटपणा, हुकलेलं प्रमोशन, कोणाशी धरलेला अबोला, हे मनात सलत असेल तर मी म्हणेन हीच वाट आधी धरा. असा राग घेऊन सेवेला गेलेला माणूस तिथेही भांडणं उकरतो. मात्र गुडघे, रक्तदाब, चालू असलेली औषधं आणि मनाचा काही आजार असेल तर तो, हे सगळं अर्जात खरं लिहा.

शेती

वडिलोपार्जित सातबारा असेल तरच विचार करा. विदर्भाला लागू असलेल्या 1958 च्या कायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही. काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग लावलीत तर पहिलं फळ यायला चार-पाच वर्षं लागतात. साठीत लावलेल्या बागेचा खरा बहार सत्तरीजवळ. शिवारात वाढलेल्या माणसाला यात फार मोठं समाधान आहे. ज्याला फक्त शहराचा कंटाळा आलाय, त्यानं या फंदात पडू नये.

पैसा आणि घर

सरकारी पेन्शनवाल्यानं ईपीएस-95 वाल्याला, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेवर जगणाऱ्याला, फुकट सेवेचे सल्ले देऊ नयेत. तिथलं किमान पेन्शन 2014 पासून महिना 1000 रुपये आहे. अशा माणसानं मानधन घेऊन अर्धवेळ शिकवलं, हिशेब लिहिले, तरी ते काम तितकंच मोलाचं आहे. संकोच न करता मानधन मागावं.

आणि नवरा रिटायर होतो तेव्हा घरातली बाई होत नाही. चाळीस वर्षं तिनं डबे भरले. आता 'मी आनंदवनात चाललो' हा निर्णय त्यानं एकट्यानं घेणं मला अन्यायाचं वाटतं. तिनंही काहीतरी बाजूला ठेवलं असेल, गाणं, शिवण, अर्धवट राहिलेलं एम.ए. कुठलाही अर्ज भरण्याआधी तिला ते विचारा, आणि दोघांचे वार वेगळे पडत असतील तर त्या दिवशीचा स्वयंपाक कोण करणार हेही तेव्हाच ठरवून टाका.