अभ्यासिका की घरची खोली?

बायपोलर (मूड कधी खूप चढतो, कधी उदासीत बुडतो असा मानसिक आजार) असलेल्या विद्यार्थ्याचं लक्ष उडतं ते आळसामुळे नव्हे. उदासीच्या काळात एकच परिच्छेद चारदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. मूड चढला की एका वेळी पाच पुस्तकं उघडी.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेचा फायदा उघड आहे: शेजारचा मान खाली घालून वाचतोय म्हटल्यावर आपणही बसतो. मरगळीच्या दिवसांत हे फार उपयोगी. पण चोवीस तास उघडी अभ्यासिका मला धोक्याचीच वाटते. जागरणाने या आजारात मूड चढू शकतो, आणि रात्री दोनला ‘चल, चहा मारू’ म्हणणारा तिथे कुणीतरी असतोच. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर चहा-कॉफी एकदम वाढवायची किंवा तोडायची नाही, पाणीही कमी पडू द्यायचं नाही. औषधाची रक्तातली पातळी बदलते.

घरी झोप, जेवण, गोळ्या वेळेवर. पंचवीस मिनिटं वाचून फेरी मारली तरी कुणी बघत नाही. फक्त पलंग फार जवळ, आणि आई दर तासाला डोकावणार.

मी तरी दिवसा अभ्यासिका, रात्री दहाच्या आत घर असंच सांगेन. झोप कमी होऊनही उत्साह वाढत असेल तर अभ्यासिका बंद आणि डॉक्टरांना फोन. गोळ्यांनी सुस्ती येते म्हणून डोस मनाने कमी करायचा नाही. वेळ बदलता येईल का, ते त्यांनाच विचारायचं.