जँगो: एलटीएस घ्यायचं की साधं रिलीज?

जँगो म्हणजे पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क. त्याचं फीचर रिलीज (नव्या सुविधांची आवृत्ती) साधारण दर ८ महिन्यांनी येतं, त्यातलं .२ वालं एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट), त्याला ३ वर्षं सपोर्ट. म्हणजे ५.२ एप्रिल २०२५ ला आलं ते एप्रिल २०२८ पर्यंत चालणार, आणि ५.१ ऑगस्ट २०२४ चं, त्याचा सपोर्ट डिसेंबर २०२५ पर्यंतच. पण एलटीएसमध्ये ३ वर्षं सगळेच बग फिक्स होतात असं नाही हं, साधे बग तिथेही ८ महिनेच, नंतर फक्त सिक्युरिटी आणि डेटा लॉसवाले. साध्या रिलीजवर डेप्रिकेशन वॉर्निंग (जुनी पद्धत पुढे काढून टाकणार, असे इशारे) थोड्या थोड्या निस्तरता येतात, ४.२ या आधीच्या एलटीएसवरून थेट ५.२ ला उडी मारली की सगळं एकदम अंगावर येतं. टेस्ट धड असतील तर मी साधंच घेईन, काम क्लायंटला सोपवून मोकळं व्हायचं असेल तर डोळे झाकून एलटीएस.